फ्रीबीएसडी रोजच्या वापरासाठी लॅपटॉपवर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा वर्षं लिनक्स वापरताय, फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या कुळातली मोफत ऑपरेटिंग सिस्टिम सर्व्हरवर चांगली चालते हे ऐकून आहात, पण ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ, कॉल अशा साध्या कामांसाठी ती लॅपटॉपवर टाकली तर निभेल का?

निभेल. मात्र तुमच्या हातात आत्ता जो लॅपटॉप आहे त्याच्यावर निभेल का, हे वेगळं विचारायला हवं, आणि खरी मेख तिथेच आहे.

मी प्रोग्रामर नाही. अनुवाद आणि मुद्रितशोधन करते. दिवसाचे सात-आठ तास लिबरऑफिस, पीडीएफ आणि ब्राउझरच्या उघड्या ठेवलेल्या असंख्य टॅब यांच्यातच जातात. २०२१ पासून हे सगळं फ्रीबीएसडीवर चाललंय, त्याआधी लिनक्सवर होतं. सुरुवातीचा उत्साह वर्षभरात ओसरला आणि सवय उरली, तेव्हा हे उत्तर सवयीच्या बाजूने लिहिलेलं समजा.

लिनक्सवरून येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो इन्स्टॉल झाल्यावर. मशीन सुरू होतं आणि समोर काळा पडदा, पांढरी अक्षरं, लॉगिन विचारणारी एक ओळ. बस्स. डेस्कटॉप तुम्ही बसवायचा. एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारा पाया) टाका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाका, तो सुरू होताना लोड व्हावा म्हणून आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घाला, स्वतःला 'व्हिडिओ' गटात घाला (हे विसरलात तर सगळं चालतं पण कूर्मगतीने, आणि कारण लवकर सापडत नाही), मग प्लाझ्मा, एक्सएफसीई, जो डेस्कटॉप आवडेल तो. हँडबुक शेजारी उघडून बसलं तर एका दुपारचं काम. प्रकल्पाचं हे हँडबुक खरोखर वाचण्यासारखं आहे. लिनक्सवर मी अडले की शोधयंत्राकडे धाव घ्यायचे आणि तीन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी उत्तरातली कमांड न समजता चिकटवायचे. इथे आधी मॅन पान (कमांडसोबतच येणारं माहितीचं पान) उघडते, आणि बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

याचं कारण रचनेत आहे. लिनक्स हे नुसतं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्याच्याभोवतीचा संसार ठिकठिकाणच्या लोकांनी लिहिलेला असतो आणि डिस्ट्रोवाले तो गोळा करून, बांधून आपल्याला देतात. फ्रीबीएसडीत कर्नेल, सी लायब्ररी, मूळ कमांडी, नेटवर्कची साधनं आणि त्यांची मॅन पानं एकाच प्रकल्पाची लोकं एकाच सोर्स-ट्रीमध्ये सांभाळतात. कमांड बदलली की तिचं पानही बदलतं. बर्कली विद्यापीठात युनिक्सवर जे काम झालं त्याची ही थेट वारस, ३८६बीएसडी या आधीच्या सिस्टिममधून १९९३ साली वेगळी झालेली. त्याच सुमारास बर्कलीच्या कोडवर एटी अँड टीच्या उपकंपनीने दावा लावला होता. तो १९९४ मध्ये मिटला, पण फ्रीबीएसडीला २.० साठी वादातला कोड काढून बर्कलीच्या ४.४बीएसडी-लाइट या वादमुक्त कोडवर पुन्हा उभं राहावं लागलं. तोवर लिनक्सची गाडी सुटली होती. आज वाय-फायच्या ड्रायव्हरसाठी आपण जी वाट बघतो तिचं मूळ थोडंफार तिथे आहे, असं मला वाटतं.

रोजच्या वापरात या रचनेचा अर्थ एवढाच की मूळ सिस्टिम एकीकडे आणि तुम्ही टाकलेलं सगळं दुसरीकडे. फायरफॉक्स असो की अख्खा डेस्कटॉप, तो /यूएसआर/लोकल मध्येच जातो, त्याच्या सेटिंगही त्याच झाडाखाली. मी एकदा वैतागून सगळी पॅकेजं एका दमात काढून टाकली. मशीन पुन्हा सुरू केलं तर लॉगिन झालं, नेट होतं, फाइली जागच्या जागी. तासाभरात नवा डेस्कटॉप उभा. कुठल्या सेवा सुरू व्हाव्यात, नेटवर्क कसं असावं, हे प्रामुख्याने एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत, /ईटीसी/आरसी.कॉन्फमध्ये. माझी ती फाइल पंचवीसेक ओळींची आहे आणि तिच्यातली प्रत्येक ओळ का आहे ते मला सांगता येतं. लिनक्सबद्दल असं मी कधी म्हणू शकले नसते.

आता वाय-फाय. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. कितीतरी वर्षं फ्रीबीएसडीचं वाय-फाय ८०२.११एन या जुन्या पिढीच्या पुढे गेलंच नव्हतं. इंटेलच्या नव्या चिपांसाठीचा ड्रायव्हर लिनक्सकडून घेऊन, मध्ये एक जुळवणीचा थर ठेवून, २०२२ च्या १३.१ या आवृत्तीत आला. चिप ओळखली जायला लागली, पण वेग सुरुवातीला जुन्या जमान्यातलाच. काही इंटेल चिपांवर ८०२.११एसी ही पुढची, वेगवान पिढी मिळायला २०२५ चं १४.३ उजाडलं. त्याआधी लोकांनी एक अचाट तोड काढली होती, वायफायबॉक्स नावाची: फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या बीहाइव्ह हायपरवायझरमध्ये (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) एक चिमुकलं लिनक्स चालवायचं, वाय-फाय कार्ड थेट त्याच्या हवाली करायचं आणि त्याच्याकडून नेट घ्यायचं. ऐकणारा हसतो, पण ते चालतं. मी मात्र लॅपटॉपच निवडून घेतला, वापरलेला जुना थिंकपॅड, ज्याची चिप आधीपासून नीट चालते हे पाहून. तुमच्याकडे तसा पर्याय नसेल तर निदान एवढं लक्षात ठेवा: अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेथरिंग सुरू केलं की बहुधा नेट मिळतं. इन्स्टॉलच्या दिवशी ही युक्ती उपयोगी पडते.

दुसरी अडचण झाकणाची. झाकण मिटलं की मशीन झोपावं आणि उघडलं की जागं व्हावं, ही अपेक्षा. जुन्या लॅपटॉपांत एस३ नावाची झोप असते, ती फ्रीबीएसडीला बऱ्यापैकी जमते. गेल्या काही वर्षांत बऱ्याच लॅपटॉपांतून ती काढून टाकून तिच्या जागी एस०आयएक्स आणली गेली. तीत मशीन पूर्ण झोपत नाही, एकेक भाग सिस्टिमने स्वतः शांत करायचा असतो. हे काम फ्रीबीएसडीत मागाहून हाती घेतलं गेलं. म्हणून इथे नवाकोरा लॅपटॉप जुन्यापेक्षा हटकून जास्त त्रास देतो. बॅटरीही माझ्या मशीनवर लिनक्सपेक्षा कमी टिकते. मी प्लग लावून काम करते, त्यामुळे चालून जातं.

ग्राफिक्सची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिने मला घाम फोडला होता. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर लिनक्सकडून आणलेले असतात आणि डीआरएम-केमॉड नावाने पॅकेज म्हणून मिळतात. (एनव्हिडिया फ्रीबीएसडीसाठी स्वतःचा ड्रायव्हर देते, तो प्रकार वेगळा.) एकदा संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर द्यायचा असताना, मी नव्या पॉइंट रिलीजवर (१३.१, १४.३ अशा मधल्या आवृत्तीवर) अपग्रेड केलं. असं करू नये, माहीत आहे. मशीन सुरू झालं, अक्षरं धावली आणि ड्रायव्हर लोड व्हायच्या क्षणी पडदा काळा. तीनदा बंद-चालू केलं, तीनदा तेच.

झालं असं होतं: पॅकेजं बांधली जातात ती अजून आधार असलेल्या जुन्या पॉइंट रिलीजवर. ब्राउझरला त्याने काही फरक पडत नाही, पण हा ड्रायव्हर कर्नेलच्या पोटात शिरणारा. कर्नेल नवं, ड्रायव्हर जुन्या कर्नेलसाठी बांधलेला, दोघांचं जुळलं नाही. आता प्रत्येक पॉइंट रिलीजच्या कर्नेल मॉड्यूलांसाठी स्वतंत्र रिपॉझिटरी निघाली आहे, त्यामुळे ही खोड बरीच कमी झाली. तेव्हा नव्हती.

त्या रात्री मला वाचवलं ते झेडएफएसने. झेडएफएस या फाइलसिस्टिमवर इन्स्टॉल केलं असेल तर अपग्रेडची कमांड बदल करण्याआधी सिस्टिमचा एक 'बूट एन्व्हायरन्मेंट', म्हणजे जिच्यावरून मशीन सुरू करता येतं अशी प्रत, स्वतःच बाजूला काढून ठेवते. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, बदल नवीन जागी लिहिते, त्यामुळे अशी प्रत क्षणात होते आणि सुरुवातीला जागा जवळजवळ खातच नाही. मशीन सुरू होताना येणाऱ्या मेनूतून मी कालचा एन्व्हायरन्मेंट निवडला, आणि दोन मिनिटांत मी माझ्या अर्धवट परिच्छेदासमोर बसले होते. ड्रायव्हर नंतर रविवारी निवांतपणे पोर्ट्समधून (सोर्सवरून प्रोग्राम बांधण्याचा फ्रीबीएसडीचा संग्रह) बांधला.

याच झेडएफएसवर मी दर तासाला माझ्या कामाच्या फोल्डरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेते. एकदा एका प्रकरणातला मजकूर चुकून पुसून तसाच सेव्ह केला आणि दोन तासांनी लक्षात आलं. त्या डेटासेटच्या (झेडएफएसमधल्या स्वतंत्र कप्प्याच्या) मुळाशी .झेडएफएस नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात जाऊन सकाळी दहाची फाइल उचलली आणि परत जागेवर ठेवली. वेगळं सॉफ्टवेअर नाही, काही नाही. हे बॅकअपची जागा घेत नाही, डिस्कच मेली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात. पण माणसाच्या चुका डिस्कच्या चुकांपेक्षा फार जास्त असतात, निदान माझ्या तरी. झेडएफएस लिनक्सवरही बसवता येतं, हे खरं. इथे ती इन्स्टॉलरमध्येच असते, एवढा फरक.

सॉफ्टवेअरची चिंता फारशी करू नका. पोर्ट्समध्ये ३०,००० हून अधिक गोष्टी आहेत. फायरफॉक्स, क्रोमियम, लिबरऑफिस, व्हीएलसी, गिंप, ब्लेंडर सगळं आहे. देवनागरीसाठी नोटोचे फाँट टाकले की जोडाक्षरं लिनक्सवर दिसतात तशीच दिसतात, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड एक्सऑर्गच्या मांडण्यांमध्ये असतोच. फक्त डेस्कटॉप सुरू व्हायच्या आधीच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. फाइलींना मराठी नावं देत असाल तर तिथे त्या ओळखता येणार नाहीत.

जिथे अडतं ती ठिकाणं मोजकी आहेत, पण एखाद्यासाठी त्यातलं एकच पुरेसं ठरतं. पैसे भरून बघायच्या व्हिडिओ सेवांना वाइडवाइन नावाचं कुलूप लागतं आणि त्याची अधिकृत फ्रीबीएसडी आवृत्ती नाही. लिनक्सचे प्रोग्राम चालवणारा सुसंगतीचा थर आहे, त्यात लिनक्सचा ब्राउझर बसवून लोक ते चालवतात. मी तो खटाटोप केला नाही, चित्रपट दुसऱ्या यंत्रावर बघते. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवण्याचं साधन) लिनक्सवर चालतं तसं इथे चालत नाही, ते तुमच्या नोकरीचा भाग असेल तर इथेच थांबा. ब्लूटूथ हेडफोनचा नाद मी सोडला आणि तारेचा घेतला. आवाज कधी हेडफोनऐवजी मॉनिटरच्या वाटेने निघून जातो, तेव्हा मूळ ध्वनियंत्र कोणतं ते सिसकंट्रोल या कर्नेलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडच्या एका ओळीने सांगावं लागतं. कॅमेऱ्यासाठी वेबकॅमडी हा छोटा प्रोग्राम लागतो, तो लिनक्सचेच कॅमेरा-ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेर चालवतो. तो एकदा सुरू केला की ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल होतात. कॉलचं वेगळं ॲप हवंच असेल तर मात्र पंचाईत.

लिनक्स पुसून लगेच ही टाकू नका. नोमॅडबीएसडी पेनड्राइव्हवरून थेट चालते, डेस्कटॉपसकट. घोस्टबीएसडीची लाइव्ह आवृत्तीही आहे. दोन्ही फ्रीबीएसडीवरच उभ्या आहेत, त्यामुळे तुमचं हार्डवेअर त्यांच्याशी कसं वागतं यावरून बराच अंदाज येतो. त्यावर चार गोष्टी बघा: वाय-फाय दिसतं का आणि वेग किती, हेडफोनमधून आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, आणि सगळ्यात शेवटी झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. पहिल्या तिन्हींवर काही ना काही तोड निघते. झाकण उघडल्यावर पडदा काळाच राहिला तर त्या लॅपटॉपवर लिनक्सच राहू द्या आणि फ्रीबीएसडी एखाद्या जुन्या मशीनवर टाका.