औषध जुनं, पण बनवायची पद्धत नवी: पेटंट मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाजारात असलेल्या एका जुन्या औषधाचा रेणू तुम्ही सात पायऱ्यांऐवजी चार पायऱ्यांत बनवलात. वितळणबिंदूही थोडा वेगळा येतोय. याचं पेटंट मिळेल का, नव्या रेणूच्या पेटंटपेक्षा ते वेगळं कसं, आणि पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर लावावं का?

पोस्टरचं आधी सांगते, कारण वेळ तिथेच कमी आहे. लावू नका. आधी अर्ज, मग पोस्टर. मी बारा वर्षं प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढली आणि नंतर पेटंटच्या कामाकडे वळले. आमच्या एका सहकाऱ्याने महागड्या पॅलेडियम धातूशिवाय होणारं कपलिंग (दोन रेणू जोडणारी अभिक्रिया) बसवलं होतं. त्याची सगळी स्कीम एका व्यावसायिक परिसंवादाच्या पुस्तिकेत छापून आली आणि अर्ज त्यानंतर पाच महिन्यांनी गेला. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने तीच पुस्तिका आमच्यापुढे ठेवली. दोन वर्षांची मेहनत तिथे संपली, आणि त्या सहकाऱ्याचा चेहरा मला अजून आठवतो. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी आपल्या कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद आहे आणि युरोपात तिचा उपयोग नाही. सगळे आकडे हाताशी नसतील तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा, पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. अर्जदार बहुधा तुमची संस्थाच असेल. शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सूट आहे आणि महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात.

आता फरक. रेणूचं पेटंट असेल तर तो कुणी कुठल्याही मार्गाने बनवला तरी त्याला अडवता येतं. पद्धतीचं पेटंट त्या मार्गापुरतं आणि त्या मार्गाने थेट हाती आलेल्या मालापुरतं असतं. म्हणजे रेणूचं पेटंट अजून जिवंत असेल, तर तुमची पद्धत कितीही नवी असली तरी ते औषध विकायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. हे आधी तपासा. मुदत दोन्हींची सारखीच, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

आपल्याकडे हे नेहमीच असं नव्हतं. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या पायावर १९७० चा कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ रोजी लागू झाला. औषधाच्या रेणूला पेटंट नाही, फक्त पद्धतीला, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणून आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी नवे मार्ग शोधले. आधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) काम केलेल्या ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (आयआयसीटी) एचआयव्हीवरच्या झिडोव्हुडिनची पद्धत बसवली आणि सिप्लाने ते औषध बाजारात आणलं. १ जानेवारी २००५ पासून रेणूंनाही पेटंट मिळू लागलं. तेव्हापासून पद्धतीवर काम करणाऱ्यांकडे दुय्यम म्हणून पाहिलं जातं, आणि ते मला अजिबात पटत नाही.

आयबुप्रोफेनच घ्या. बूट्स कंपनीने १९६० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं तेव्हाचा मार्ग सहा पायऱ्यांचा होता. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा कचरा ढिगाने निघायचा आणि कच्च्या मालातले जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरायचे. रेणू सगळ्यांना माहीत झाल्यावर बूट्स आणि हेक्स्ट सेलानीज यांनी मिळून तीन पायऱ्यांची पद्धत काढली आणि तिचं पेटंटही घेतलं. त्यात ७७ टक्के अणू वापरात येतात. १९९२ मध्ये टेक्सासातल्या बिशप इथे तो कारखाना सुरू झाला. तुमची गोष्ट याच जातीची आहे, त्यामुळे औषध जुनं आहे म्हणून कच खाऊ नका.

अडचण आहे ती पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) ची. माहीत असलेली प्रक्रिया नुसती वापरली तर पेटंट नाही. तिच्यातून नवा पदार्थ तरी मिळायला हवा, किंवा अभिक्रियेत भाग घेणारा निदान एक पदार्थ तरी नवा हवा. शिवाय परीक्षक विचारणारच, की जाणकार माणसाला हे सहज सुचलं नसतं का? पायऱ्या कमी झाल्या एवढं उत्तर पुरत नाही. नेहमीच्या रिएजंटने (अभिक्रियेसाठी घातलेल्या रसायनाने) काय बिघडलं, तुम्ही काय बदललंत आणि त्याने यील्ड (हाती येणाऱ्या मालाचं प्रमाण) किती वाढलं, हे तुलनेसकट लिहा. फसलेले प्रयोगही इथे कामाला येतात. तापमान किंवा द्रावक मात्र लपवू नका. तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करणं कायद्याने बंधनकारक आहे.

वेगळ्या वितळणबिंदूवर फार भिस्त ठेवू नका. त्यामागे नवा स्फटिकप्रकार, म्हणजे त्याच रेणूंची स्फटिकातली वेगळी मांडणी, असली तरी तिने रोग्याला जास्त गुण येतो हे दाखवावं लागतं. इमॅटिनिबच्या बीटा स्फटिकासाठी नोव्हार्टिस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ रोजी हरली. त्या लढ्यात समोर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. रक्ताच्या कर्करोगाच्या त्या औषधाला महिन्याला लाखाच्या वर पडायचे आणि आपल्याकडच्या कंपन्या ते दहा हजारांच्या आसपास देत होत्या. मी पेटंटच्या बाजूने काम करते, तरी हा निकाल मला योग्यच वाटतो.

शेवटचं, जे नवखे हमखास विसरतात. पद्धत चोरली गेली हे सिद्ध करणं कठीण असतं, कारण दुसऱ्याच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरमध्ये काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. काही परिस्थितींत कलम १०४अ नुसार न्यायालय पुराव्याचा भार समोरच्यावर टाकू शकतं, पण त्याचा माल तुमच्या पद्धतीच्या मालासारखाच आहे हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं. तिथे इम्प्युरिटी प्रोफाइल (मालात कोणत्या अशुद्धी किती आहेत याची नोंद) मदतीला येतं. प्रत्येक मार्ग आपली अशी सूक्ष्म अशुद्धी मागे ठेवतो. तेव्हा आजपासून प्रत्येक बॅचचा एचपीएलसी (मालातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) ग्राफ तारीख घालून, गाइडची सही घेऊन वहीत लावा आणि प्रत्येक बॅचमधला थोडा नमुना लेबल लावून जपून ठेवा.