एबर्सवाल्डेत एमएस्सी: पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरने यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी झाली, त्यानंतर काही वर्षं पाणीपुरवठा योजनांवर नोकरी केली, आणि आता जर्मनीत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या लहान शहरातल्या विद्यापीठाचा ‘ग्लोबल चेंज मॅनेजमेंट’ एमएस्सी डोक्यात आहे. घरचे म्हणतात, त्यापेक्षा एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग कर, निदान नोकरी तरी लागेल. मी हाच अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता याच ब्रांडेनबुर्ग राज्यात पाण्याच्या नियोजनात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. या, पण पाण्याचं काम मागे टाकून येऊ नका. इथे ‘सस्टेनेबिलिटी’ एवढा शब्दच ठाऊक असलेले पुष्कळ भेटतील. पंप, पाइपलाइन, उपसा आणि अंदाजपत्रक कळणारा माणूस परिसंस्थेच्या भाषेत बोलायला लागला, तर त्याला मागणी राहते.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सेमिस्टरचा आणि इंग्रजीतून आहे. संस्था लहान आहे, विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. तिचं मूळ १८३० सालच्या वनशास्त्राच्या शाळेत आहे. पूर्व जर्मनीच्या काळात, १९६३ मध्ये ती बंद पडली, १९९२ मध्ये पुन्हा उभी राहिली आणि २०१० पासून तिच्या नावातच ‘शाश्वत विकास’ आला. हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. शाश्वततेच्या बऱ्याच पदव्या मॅनेजमेंटच्या अंगाने शिकवल्या जातात, तिथे सुरुवात कंपनीपासून होते. इथे सुरुवात जंगल, माती आणि पाणी यांच्यापासून होते, आणि माणसाचे व्यवहार त्यात बसवून पाहिले जातात. मला हा क्रम योग्य वाटतो.

तुमच्या कामाशी थेट जोडलेलं उदाहरण देते. या राज्याच्या आग्नेयेला लाउझिट्झचा कोळसापट्टा आहे. जर्मनीच्या २०२० च्या कायद्यानुसार कोळशावरची वीजनिर्मिती उशिरात उशिरा २०३८ पर्यंत थांबवायची आहे. हवामानासाठी हे झालंच पाहिजे. पण उघड्या खाणी कोरड्या ठेवायला गेली अनेक दशकं भूजल उपसून श्प्रे नदीत सोडलं जातंय. म्हणजे नदीतलं बरंचसं पाणी हे खाणीचं पाणी आहे. खाण बंद, पंप बंद, की नदीचा तेवढा प्रवाह गेला. वर रिकाम्या खाणी भरायलाही पाणी लागतं. कॉटबुसजवळच्या खाणीत तलाव करायला एप्रिल २०१९ मध्ये श्प्रेचं पाणी सोडायला सुरुवात झाली आणि कोरड्या उन्हाळ्यात ते थांबवावं लागलं, कारण नदीलाच पुरत नव्हतं. याच नदीच्या खालच्या अंगाला बर्लिन आहे, आणि बर्लिनचं पिण्याचं पाणी बऱ्याच अंशी नदी-तलावांच्या काठच्या विहिरींतून येतं.

आता सांगा, हा प्रश्न कुणाचा? ऊर्जेचा, पाण्याचा, की खाणकामगारांच्या रोजगाराचा? एका खात्याचा बरोबर निर्णय दुसऱ्या खात्यापुढे नवं संकट उभं करतो. असे गुंते सोडवायला शिकणं हाच या पदवीचा गाभा. एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगमध्ये तुम्ही जलशुद्धीकरण केंद्राची रचना अधिक चांगली शिकाल यात वाद नाही. पण केंद्रापर्यंत येणारं पाणीच कमी होत असेल तर काय, हे तिथे बहुधा धड्याच्या शेवटी येतं.

शिकवतात कसं, तेही सांगते. इथले प्राध्यापक पिअर इबिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मारिस्को’ नावाची पद्धत बसवली आहे. एखादा भूभाग घ्यायचा आणि भिंतीवर कार्डं लावत जायचं. एका टोकाला परिसंस्था, म्हणजे ओढा, दलदल, जंगल. मग तिला काय होतंय: जमिनीतला ओलावा घटला, तापमान वाढलं. मग ते कशाने: ओढा सरळ केला, पाणी वाहून जायला चर खणले, सगळीकडे पाइन लावला. आणि त्यामागे काय: अनुदानाचा नियम, लाकडाचा भाव, जुना कायदा. प्रत्येक कार्डामागे ‘कशामुळे?’ विचारत जायचं आणि बाण जोडायचे. मग प्रत्येक कार्डाला गुण द्यायचे: आज किती गंभीर, पुढे वाढेल का, आपल्या हातात किती, आणि याबद्दल आपल्याला नक्की माहिती किती. तो शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आपलं अज्ञान तिथे आराखड्याचा भाग म्हणून नोंदवलं जातं. इंजिनिअरला सुरुवातीला हे सैल वाटतं, कारण शेवटी एक आकडा हाती येत नाही. पण गावकरी, वनाधिकारी आणि शेतकरी एकाच भिंतीसमोर उभे राहून एकमेकांच्या कार्डांवर वाद घालतात, तेव्हा त्या पद्धतीची ताकद कळते.

बाहेर पडलात की भोवताल हीच प्रयोगशाळा. ब्रांडेनबुर्गची जमीन वाळूची आणि जंगलात मुख्यतः पाइन. २०१८ च्या दुष्काळात ट्रॉयनब्रिट्झनजवळ सुमारे ४०० हेक्टर जंगल जळलं आणि गावं रिकामी करावी लागली. दुसरीकडे, एबर्सवाल्डेपासून जवळच ग्रुमझिनचं ‘बीच’ या पानझडी वृक्षांचं जुनं जंगल आहे, २०११ पासून जागतिक वारसायादीत. ऐन उन्हाळ्यात पाइनच्या लागवडीतून त्या बीचच्या सावलीत शिरलात की गारवा अंगाला लागतो आणि पायाखालचा पालापाचोळा ओलसर असतो.

नोकरीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. कंपन्यांना पर्यावरण आणि समाजावरच्या परिणामांचा अहवाल द्यायला लावणाऱ्या युरोपच्या शाश्वतता-अहवाल निर्देशामुळे, जो जानेवारी २०२३ मध्ये लागू झाला, अहवाल लिहिणाऱ्यांची मागणी वाढली होती. २०२५ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या मुदती पुढे ढकलल्या आणि व्याप्ती कमी करायला घेतली. म्हणून फक्त अहवाललेखनाच्या भरवशावर येऊ नका. पाणी, पूरनियंत्रण, दलदलींचं पुनरुज्जीवन, शहरांचं उष्णता-नियोजन ही कामं नगरपालिका आणि पाणीपुरवठा संघांकडे असतात, आणि ती सगळी जर्मनमधून चालतात. अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी नोकरी जर्मन आहे. निघण्यापूर्वी जर्मन भाषेची ए२ (प्राथमिक) आणि शिकता शिकता बी२ (कामकाजापुरती) पातळी गाठायचीच असं धरून चाला. जोडीला जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशांतून माहिती मांडण्याचं तंत्र, नीट शिका. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, पण खरा शोध शिकत असतानाच ‘वेर्कश्टुडेंट’, म्हणजे अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून सुरू होतो. परत जायचा विचार असेल, तर भारतातही सेबीच्या नियमाने शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो, त्यामुळे तिकडेही वाट आहे.

पैशाचं थोडक्यात. ब्रांडेनबुर्गच्या सरकारी संस्थांत शिक्षणशुल्क नाही, दर सेमिस्टरला काही शे युरोंची वर्गणी भरायची. सगळ्या जर्मनीत असं नाही: बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे आणि तो अधूनमधून वाढतो, तेव्हा भरण्याआधी दूतावासाच्या पानावर बघून घ्या. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरचा खर्च त्यातून निघेल असं गृहीत धरू नका. आणि तुमचं वय तिशीच्या आसपास असेल तर हे नीट वाचा: विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्यविमा तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. त्यानंतर हप्ता बराच वाढतो.

कागदपत्रांत पहिलं काम एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याचं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज पहिल्याच वेळी चोख करा, कारण व्हिसा नाकारला तर पूर्वी फेरविचाराची विनंती करता यायची, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज करायचा नाहीतर कोर्टात जायचं. प्रवेशासाठी तुमची पदवी अभ्यासक्रमाशी संबंधित धरली जाते का, हेही आधीच समन्वयकांना ईमेलने विचारा. गुणपत्रिकेसोबत जलविज्ञान, पर्यावरण, मृदाशास्त्र अशा विषयांचा अभ्यासक्रम जोडा.

राहायला वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच टाका. बर्लिन रेल्वेने चाळीसेक मिनिटांवर आहे, पण तिथली घरं महाग आणि मिळायला कठीण. शहर लहान आहे, नोव्हेंबरपासून चार वाजता अंधारतं, आणि ते दिवस सोपे नसतात. अशा वेळी वर्गातल्या लोकांसोबत स्वयंपाक करणं, एखाद्या गटात जाणं याचा खरंच आधार होतो.

प्रवेश-अर्जासोबतच्या हेतुपत्रात (एसओपी) ‘मला लहानपणापासून निसर्गाची ओढ’ असं लिहू नका. तुमच्या हातून झालेली एकच योजना घ्या. आराखड्यात स्रोताचं पाणी किती धरलं होतं, प्रत्यक्षात किती मिळालं, फरक का पडला, आणि त्या फरकातला कुठला भाग इंजिनिअरिंगने सुटण्यासारखा नव्हता, ते दीड पानात मांडा. मसुदा झाला की मला पाठवा, मी मनापासून वाचून कळवेन.