क्रेटाचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइल घरी बदलता येतं का?

प्रश्न असा आहे: २०१७ची ह्युंदाई क्रेटा १.६ पेट्रोल ऑटोमॅटिक, ७०,००० किमी, पुण्यात रोजचा वापर. गॅरेजवाला म्हणतो ऑइल 'लाइफटाइम' आहे. बदलावं का, घरी जमेल का, खर्च किती?

बदला. 'लाइफटाइम' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण कोणाचं लाइफटाइम ते कुणी सांगत नाही. मॅन्युअलमध्ये नेहमीच्या वापराच्या तक्त्यापुढे 'कठीण वापरा'चा वेगळा तक्ता असतो, तो वाचा. ३२ अंशांवरच्या उष्णतेत अर्ध्याहून जास्त वेळ शहराच्या गर्दीत चालणारी गाडी त्यातच मोडते. एप्रिलमधला सिंहगड रोड आणखी काय असतो?

या सहा स्पीडच्या गिअरबॉक्सला एसपी-फोर (SP-IV) प्रतीचंच ऑइल लागतं. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असा डबा कुणी पुढे केला तर परत द्या. आत एकूण साधारण सात लिटर असतं, पण खालचा प्लग उघडून निम्म्याच्या आसपासच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ओढ ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की निम्मं नवं, मध्ये तीनचारशे किमी चालवून पुन्हा बदललं की पाऊणभर. दोनदा पुरे. मशीन लावून फ्लश करून घेऊ नका. फिल्टरच्या मागे लागू नका, तो आत आहे, गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही.

आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का बघा, तो एअर फिल्टरच्या डब्याखाली आहे. खालचा प्लग आधी उघडला आणि वरचा अडकला, तर गाडी तिथंच उभी. गाडी चारही घोड्यांवर (जॅक स्टँडवर) आणि सपाट हवी. नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. ऑइल कोमट असताना काढा आणि मापाच्या डब्यात मोजा. निघालं तेवढंच, लांब नळीच्या नरसाळ्यानं, वरून भरा. वॉशर नवा, प्लग ३५ ते ४५ न्यूटन-मीटर. जोर लावून आटे घालवले की गिअरबॉक्सचं केसिंगच गेलं.

खरी मेख पुढे आहे. या गिअरबॉक्सला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, नाही; त्यासाठी वेगळा लेव्हल प्लग असतो, पातळी पुरेशी असेल तर तो उघडल्यावर ऑइल बाहेर येतं. माझ्या मेव्हण्याच्या, अशाच गिअरबॉक्सच्या गाडीत एका गॅरेजनं ऑइल बदललं आणि इंजिन बंद ठेवून लेव्हल प्लग उघडला. इंजिन बंद असलं की वरचं ऑइल खाली उतरतं, लेव्हल खोटी चढलेली दिसते, आणि धार लागली म्हणून तुम्ही नको तेवढं सांडून देता. कात्रजच्या घाटात गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना घसरायला लागली: आरपीएम वर, ओढ नाही. मेव्हणा मेकॅनिकल इंजिनिअर. त्याचं म्हणणं, 'जुनं ऑइल काढलं म्हणूनच बिघडलं, सांगत होतो हात लावू नका.' मग आम्ही बरोबर पद्धतीनं तपासलं. एअर फिल्टरचा डबा बसवून इंजिन चालू, ब्रेक दाबून गिअर पी ते डी आणि परत, प्रत्येक जागी दोन सेकंद. ऑइल ५० ते ६० अंशांवर आल्यावर, इंजिन चालूच असताना, लेव्हल प्लग उघडला. थेंब नाही. ९०० मिली घातल्यावर बारीक, एकसंध धार आली. घसरणं थांबलं. दोष जुन्या ऑइलचा नव्हता, कमी ऑइलचा होता. मेव्हण्यानं अजून मान्य केलेलं नाही.

म्हणून तुम्ही मोजून भरल्यावर वर ७०० मिली जास्तच घाला आणि मग हीच तपासणी करा. जास्तीचं धारेनं आपोआप बाहेर येतं. धार बारीक झाली की प्लग लावा. थंड ऑइलवर तपासलं तर उलट चूक होते, जास्त राहतं, फेस होतो, पंप हवा ओढतो. तापमान स्कॅनरवर बघा. गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा स्वस्तातला ओबीडी डोंगल गिअरबॉक्सचं तापमान दाखवेलच असं नाही.

निघालेलं ऑइल बोटांवर चोळा. काळपट आणि राखाडी बारीक गाळ चालतो. जळका वास आणि चमकणारे कण दिसले, तर नव्या ऑइलनं काही सुधारणार नाही. मेव्हण्याच्या म्हणण्यात एवढंच तथ्य: गिअर आधीच घसरत असेल तर आतले क्लच झिजलेले असू शकतात, ऑइल बदलणं हा त्यावरचा इलाज नाही.

हो, हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं. नंतरच्या क्रेटातला आयव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) किंवा डीसीटी (दोन क्लचचा) गिअरबॉक्स असेल तर ऑइलही वेगळं आणि पद्धतही. वापरलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. खर्चाचं विचारलंत, ते एसपी-फोरच्या डब्यांवर आहे. आठदहा लिटर धरा आणि दुकानात भाव विचारा.