प्रवास ठरतो तो सबमिशनच्या दिवशी

अनेक आशीर्वाद.

यंदा चार परिषदा आहेत, त्यांतल्या किती टाळाव्यात, असं विचारलं आहेस. प्रश्न रास्त आहे, पण जरा उशिरा पडलाय. बऱ्याच शास्त्रांत मोठं काम नियतकालिकात छापून येतं आणि लेखक घरीच असतो. आपल्याकडे, संगणकशास्त्रात, परिषदेतला पेपर हेच मोठं प्रकाशन. तो स्वीकारला गेला की एका तरी लेखकाला नोंदणी करून तो मांडावा लागतो. म्हणजे प्रवास सबमिशनचं बटण दाबलं तेव्हाच निम्मा ठरलेला असतो. घरी मात्र तो कळतो निकाल लागल्यावर, काही महिन्यांनी. भांडणं तिथूनच सुरू होतात.

तेव्हा डेडलाइनच्या आधीच परिषदेच्या तारखा घरी सांग. मुलांच्या परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, तुझी लेक्चरं, सगळं शेजारी मांडून बघ. जमणार नसेल तर कोण जाणार हे सहलेखकांशी तेव्हाच बोलून घे. पहिला लेखक विद्यार्थी असेल तर त्यालाच पाठव. ओळखींची गरज त्याला जास्त. आणखी एक वाट आहे: लेख टीएसई किंवा टॉसेम या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या नियतकालिकांपैकी एकाला पाठवायचा. छापून आल्यावर तो आयसीएसईसारख्या त्याच विषयाच्या परिषदेत ‘जर्नल-फर्स्ट’ म्हणून मांडता येतो, तेही सवडीने.

जाशील तिथे मात्र पूर्ण जा. परिषदेच्या आठवड्यातच दुसऱ्या पेपरचं रिबटल, म्हणजे रिव्ह्यूअरांच्या आक्षेपांना उत्तर देण्याचं काम, येऊन पडतं. मग माणूस कॉरिडॉरमध्ये प्लगजवळ जमिनीवर बसून तिसऱ्या रिव्ह्यूअरला उत्तरं लिहीत असतो, आणि ज्याच्या टूलवर आपलं सगळं काम उभं आहे तो दहा पावलांवर कॉफी पिऊन निघून जातो. असला प्रवास कशाला करायचा? रिबटलच्या तारखा आधीच जाहीर असतात; ते काम न जाणाऱ्या सहलेखकाकडे दे.

डागश्टूलचं निमंत्रण आलं तर दोन परिषदा सोडून जा, असं मी म्हणेन. जर्मनीतल्या त्या वाड्यात 1990 पासून संगणकशास्त्राचे सेमिनार भरतात. मोजकी निमंत्रित माणसं आठवडाभर एकाच छपराखाली राहतात, जेवतात, रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. पंधरा मिनिटांच्या भाषणात न निघणारे प्रश्न तिथे निघतात.

परतल्यावरचा पहिला दिवस कोरा ठेव. लेक्चर नको, मीटिंग नको, साचलेले पुल रिक्वेस्टही, म्हणजे तपासायला आलेले कोडमधले बदलही, नकोत. पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर झोप रुळावर यायला जास्तच वेळ लागतो. शिवाय तुझ्यामागे कोणीतरी एकट्याने घर ओढलेलं असतं. तू दमून आल्याचं तिथे कोणाला कौतुक नसतं, आणि नसावंच.

आता तुझ्या चार परिषदांचं. जिथे तुझा पेपर नाही ती सोड. पेपर निवडणाऱ्या समितीच्या बैठका हल्ली बहुतेक ऑनलाइनच होतात. आपला दोघांचा पेपर आहे तिथे मी जातो, नोंदणी माझ्या नावावर टाक. उरलेल्या दोन्हींच्या तारखा आज घरी दाखव आणि मग मला कळव.