बाहेरगावची पब्लिक म्हणजे नेमकी कोन?

या वेळी फुटबॉलचेच प्रश्न जास्त आले. कापूस घरात आला, थंडी पडली की गावोगाव टुर्नामेंट सुरू होतात आणि टुर्नामेंट सुरू झाल्या की भांडणं, त्यामुळे पीकविमा अन सोलर पंपवाल्यांनी रागावू नये, तुमचं पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : दादा, आमच्या गावची टीम बाजूच्या गावच्या टुर्नामेंटमधी फायनलले गेली. मागच्या साली तिथं मारामारी झाली होती म्हणून यंदा त्यांच्या कमिटीनं सांगतलं का बाहेरगावची पब्लिक आनायची नाई, टीमचे सोळा जन अन दोन मॅनेजर, बस. आम्ही वीस-बावीस पोट्टे साध्या कपड्यात दोन-दोन करून जायच्या बेतात आहो. जावं का नाई? पोलीस केस होते का? (वणी तालुक्यातला एक जण)

आधी एक सांग, बंदी घातली कोणी? कमिटीनं की सरकारनं? कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत अन पोट्टे नेहमी इथंच घोळ करतात. कमिटीनं घातली असेल तर ते तुला गेटवर अडवू शकतात, आत दिसला तर बाहेर जा म्हणू शकतात, तिथं हुज्जत न घालता निघून आलास तर विषय संपला, नुसतं मॅच पाहायला जाणं हा काही गुन्हा नाही. पण मागच्या मारामारीमुळे ठाणेदारानं वर रिपोर्ट पाठवला असेल आणि तहसीलदार किंवा एसडीओ साहेबांनी १६३ चा आदेश काढला असेल (आपण ज्याला अजूनही १४४ च म्हणतो तेच, १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला), तर मग गोष्ट वेगळी. असा आदेश मोडला आणि त्यामुळे त्रास-अडथळा झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर अडीच हजारांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही, आणि कोणाच्या जिवाला धोका झाला किंवा दंगा झाला तर एक वर्षापर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. अडीच हजार आपण वर्गणी करून भरू असं म्हणशील, पण तुमच्या वीस-बावीसमधले किती जण सकाळी उठून पोलीस भरतीसाठी पळतात ते मोज, अन चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात काय विचारतात ते त्यांनाच विचार. त्या पोरांना तरी नेऊ नको.

बाकी तुझा प्लॅन म्हणजे साधे कपडे, दोन-दोन जण, हा काही नवा नाही, जगभर असंच जातात. आत घुसणं सोपं असते रे, खरी परीक्षा आपल्या टीमनं गोल मारल्यावर होते. आणि दुसरं म्हणजे तू काही फ्रान्समधल्या पॅरिसहून दूरच्या मार्सेलला नाही चालला, गेटवर दोर धरून उभा असलेला पोट्टा तुझ्यासोबत आयटीआयला होता, त्याला तुझ्या बापाचं नाव माहीत आहे अन तुझ्या गाडीचा नंबर पण. मी तुझ्या जागी असतो तर वीस जण नसते नेले, चार नेले असते, ज्यांचं त्या गावात कोणीतरी आहे असे चार. कोणाचा मामा, कोणाची सासुरवाडी. मामाच्या घरी जेवून मामासोबत ग्राउंडवर आलेल्या भाच्याला कोणती कमिटी हाकलते ते मला पाहायचंच आहे.

प्रश्न : युरोपात एवढा पैसा, एवढे कॅमेरे, तिथंही पाहुण्या टीमच्या लोकांवर बंदी घालावी लागते का? की हे आपल्याकडचंच? (एक शिक्षक, आर्वी)

सर, घालावी लागते आणि ती मोडलीही जाते.

अर्जेंटिनाचं ऐका. जून २०१३ मध्ये ला प्लाता शहरात एस्तुदियान्तेस विरुद्ध लानुस मॅच होती, लानुसचा एक माणूस पोलिसांच्या रबरी गोळीनं मेला, आणि त्यानंतर तिथं लीगच्या मॅचला पाहुण्या टीमची पब्लिकच बंद झाली. म्हणजे गोळी पोलिसांची अन घरी बसले प्रेक्षक, हे मला आजवर समजलं नाही. मग तिथल्या लोकांनी काय केलं तर ते 'न्यूट्रल' झाले! आम्ही कोणत्याच टीमचे नाही, आम्हाला फक्त फुटबॉल आवडतो, असं म्हणून तिकीट काढायचं अन आत जाऊन आपल्याच टीमच्या मागं बसायचं. काही क्लब तर जाणूनबुजून न्यूट्रलांना तिकिटं विकायचे, गल्ला कोणाला नको असतो.

ब्राझीलच्या साओ पावलोत मोठ्या डर्बींना (म्हणजे जुन्या वैरी टीमांच्या मॅचना) २०१६ पासून एकाच टीमची पब्लिक. हॉलंडमध्ये आयाक्स आणि फेयेनूर्डच्या मॅचला पाहुणे नाहीत, ते २००९ पासून. फ्रान्समध्ये तर प्रीफेक्ट म्हणजे आपला कलेक्टर समजा, तो आदेश काढतो की अमुक टीमच्या माणसानं तमुक तारखेला या हद्दीत यायचंच नाही, अन आला तर कायद्यात सहा महिने कैद आणि तीस हजार युरो दंड लिहिलेला आहे. तीस हजार युरो! आपल्या पोट्ट्यांनी अडीच हजारांत आनंद मानावा.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटते ती इंग्लंडच्या लुटन टीमची गोष्ट. १३ मार्च १९८५ ला पाहुण्या मिलवॉल टीमच्या लोकांनी लुटनच्या ग्राउंडवर खुर्च्या उखडून फेकल्या, मग लुटननं १९८६ पासून नियमच केला की मेंबरकार्ड असेल तोच आत. लीगवाले म्हणाले, आमच्या कपमध्ये पाहुण्यांना जागा द्यावीच लागते, नाहीतर खेळू नका, आणि त्या वर्षी लुटनला त्या कपातून बाहेर काढलं. तरी लुटन काही वर्षं हटलं नाही.

आता यात एक गोष्ट बघा सर. प्रत्येकाला आधी ठरवावं लागते की पाहुणा कोण. लुटननं कार्डावरून ठरवलं. मार्च २०२३ मध्ये इटलीतल्या नापोलीत (नेपल्स) जर्मनीच्या फ्रँकफर्ट टीमसोबतच्या मॅचच्या वेळी तिथल्या प्रीफेक्टनं पत्त्यावरून ठरवलं, फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्याला तिकीट विकायचं नाही. झालं काय, तर शेकडो जर्मन बिनातिकिटाचेच शहरात आले, मॅच पाहायला नाही तर आम्ही आलो हे दाखवायला, अन मॅचच्या आधी गल्लीबोळात दगडफेक, पोलिसांची गाडी जळली. नापोली ३-० नं जिंकली, ते कोणाच्या लक्षातही नाही. स्टेडियमच्या कोपऱ्यात जाळीमागं बसले असते तर मोजता तरी आले असते, हे पूर्ण शहरात सांडले.

आपल्याकडं हे आधार कार्डावरून करायचं म्हटलं तर? अर्ध्या पोट्ट्यांच्या आधारवर अजून आजोळचा पत्ता आहे.

प्रश्न : तुम्ही नेहमी बाहेरच्या पब्लिकची बाजू घेता. आमी टुर्नामेंट भरवतो. मागच्या साली मंडपवाल्याच्या चाळीस खुर्च्या तुटल्या, भरून कोनी देल्ल्या? आमीच. बंदी नाई घालावं तं काय करावं? (कमिटी मेंबर, राजुरा तालुका)

भाऊ, खुर्च्यांचं दुःख मला कळते, मंडपवाला काही ऐकून घेत नाही. पण त्या चाळीसमधल्या बाहेरच्यांनी किती तोडल्या अन तुमच्याच पोट्ट्यांनी किती, हे तुमचं तुम्हाला माहीत आहे, मला सांगू नका.

आता वर आयाक्सचं लिहिलं ना, तिथंच २४ सप्टेंबर २०२३ ला काय झालं पाहा. पाहुणे फेयेनूर्डवाले एकही आत नव्हते, बंदीच होती, तरी मॅच थांबली, कारण टीम ०-३ नं मागं म्हणून आयाक्सच्याच लोकांनी ग्राउंडवर फटाके फेकले. उरलेली मॅच तीन दिवसांनी रिकाम्या स्टेडियममध्ये संपवली, ०-४. आणि २०१८ ची दक्षिण अमेरिकेतली ती मोठी फायनल, रिव्हर प्लेट अन बोका ज्युनियर्स, ब्युनोस आयरेसमध्ये फक्त रिव्हरची पब्लिक येणार होती, बोकाच्या लोकांना बंदी. मग दगड कोणावर पडले? बोकाच्या बसवर, स्टेडियमकडं येताना, रस्त्यावर, काचा फुटून खेळाडूंना लागलं. मॅच शेवटी ९ डिसेंबरला स्पेनमध्ये माद्रिदला नेली आणि तिथं दोन्हीकडची पब्लिक बसवली, अन मॅच झाली पूर्ण. म्हणजे पाहुणी पब्लिक काढून टाकली की पाहुणी टीम उरते, रागवायला तेवढी पुरते.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर हॉलंडवाल्यांची एक पद्धत आहे, पाहुण्यांनी यायचं तर ठरलेल्या बसनं किंवा ट्रेननंच यायचं, सुटं कोणी नाही. तुम्ही पण हेच करा ना, त्या गावाला सांगा दोन ट्रॅक्टर किंवा एक मेटॅडोर, सोबत त्यांचा सरपंच नाहीतर पोलीस पाटील, नावाची यादी, ग्राउंडच्या शाळेकडच्या अंगाला त्यांची जागा, मधात दोर अन दोराच्या मधात दहा हात रिकामं. मॅच संपली की आधी त्यांची गाडी सोडायची, बक्षिसाचं भाषण मागून. आपल्याकडची निम्मी भांडणं बक्षिसाच्या भाषणात होतात, पाहुणे नेते तासभर बोलतात, अंधार पडतो, हरलेले पोट्टे तिथंच उभे अन माईकवाला जिंकलेल्यांचं गाणं लावून ठेवतो. त्या माईकवाल्याला आवरा आधी. खुर्च्या देऊच नका, खाली बसू द्या लोकांना.

आणि एक आठवण करून देतो, राग मानू नका. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शंकरपट (बैलांच्या शर्यती) बंद केला होता तेव्हा तुम्ही-आम्ही काय केलं? डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळेपर्यंत एवढी वर्षं कोणी बैल जुंपलेच नाहीत का? तळेगाव दशासरचा मोठा पट बंद पडला तरी कोणत्या नाल्याच्या काठावर पहाटे काय चालते हे शेंबड्या पोराला माहीत होतं. बंदी घालणं सोपं असते भाऊ, पाळून घ्यायला माणसं लागतात, आणि तेवढी माणसं तुमच्याजवळ असती तर बंदीची गरजच नव्हती.

प्रश्न : आपल्या टीमची जर्सी आत घालून वरतून स्वेटर घातलं तर चालते का? (एक गोलकीपर, भद्रावती)

थंडीत चालते. सेकंड हाफमध्ये ऊन निघालं की काय करशील?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मित्राकडे अभ्यासाला चाललो सांगून बंदी असलेल्या मॅचला तिकडच्या गावाला गेला, रात्री अकरा वाजता शर्ट फाटून आला. त्याचे बाबा म्हणतात फुटबॉलच बंद करा. (एक आई, उमरेड तालुका)

ताई, फुटबॉल बंद करून काही होणार नाही, तो मग फक्त जास्त चांगलं खोटं बोलायला शिकेल. शर्ट फाटला तो ग्राउंडवर की रस्त्यात, हे विचारा आधी, न ओरडता. माझा अंदाज रस्त्यात. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्रीसमधल्या अथेन्सला तिथल्या क्लबची क्रोएशियातल्या एका क्लबसोबत मॅच होती, पाहुण्या पब्लिकला पूर्ण बंदी, तरी त्यांचे लोक गाड्या करून दोन-तीन देश ओलांडून आले आणि मॅचच्या आदल्या रात्री, स्टेडियमबाहेर, चाकू चालला, तिथला एक पोरगा मेला. त्या दिवशी मॅच नव्हतीच. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचला ईडन गार्डनमध्ये १६ जणांचा जीव गेला होता, ते स्टँडमध्ये, पण आता जगभर बघाल तर भानगड बसस्टॉपवर, धाब्यावर, फाट्यावर होते.

म्हणून मुलाला एवढंच म्हणा की जायचं तर सांगून जा, परत कोणाच्या गाडीवर येणार ते सांग, आणि मॅच संपल्यावर तिथल्या पानठेल्यावर थांबायचं नाही. सतराव्या वर्षी जा म्हटलं की निम्मी मजा तशीच जाते. त्याच्या बाबांना विचारा, ते स्वतः कोणत्या पटाला चोरून गेले होते.

प्रश्न : दादा, खरं सांगा, तुम्ही स्वतः गेले का कधी? (बरेच जण)

गेलो एकदा, बरीच वर्षं झाली. आमच्या गावची टीम, कोळसा खाणीकडचं गाव, बाहेरच्यांना बंदी. मी डोक्याला दुपट्टा बांधून एकटाच काळीपिवळीनं गेलो अन ग्राउंडच्या कडेला एका म्हाताऱ्याशेजारी बसलो. पंचवीसाव्या मिनिटाला आमच्या नऊ नंबरनं असा गोल मारला की माझा हात आपोआप वर गेला, अर्ध्यात लक्षात आलं, मग तो हात तसाच डोक्यावर नेऊन दुपट्टा नीट केला. म्हातारा पन्नीत खर्रा घोटत होता, मान न वळवता म्हणाला,

"कोनाकडचे पाहुने?"

"पाटलाकडचे." पाटील तर प्रत्येक गावात असतेच.

"कोनत्या पाटलाकडचे?"

मी गप. तो पण गप. मग पन्नी पुढं केली अन हळूच म्हणाला, "बसा. उठू नका फक्त. माही पोरगी तुमच्याच गावात देल्ली हाय. थो नऊ नंबरवाला माहा जावई हाय, अन मले इथं टाळीबी वाजवता येत नाई."

मग आम्ही दोघंही तोंडात खर्रा धरून गुमान बसलो. मॅच १-१ झाली, टायब्रेकरवर गेली, आणि शेवटची पेनल्टी त्या जावयानंच गोलपोस्टच्या बारवरून मारली. सारं ग्राउंड उठलं. म्हातारा पण उठला अन सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायला लागला, कारण आजूबाजूचे त्याच्याकडंच पाहत होते.