१९२०-३० च्या काळातही रशियाचं तेल हिंदुस्थानात येत होतं का? ‘स्टँडर्ड ऑइल’ आणि ‘शेल’ यांचं त्यावरून भांडण का झालं?

हो, येत होतं. पण इथे ते विकत होती एक अमेरिकन कंपनी. नुसतं ‘स्टँडर्ड ऑइल’ म्हटलं की गोंधळ होतो, कारण मूळ कंपनी १९११ सालीच कोर्टाने मोडली होती. तिच्यातल्या न्यू यॉर्कच्या कंपनीकडे, म्हणजे सोकोनीकडे, हिंदुस्थान-चीनची मोठी गिऱ्हाइकी आली. स्वतःच्या विहिरी मात्र फारशा नव्हत्या. सोव्हिएत सरकारकडे १९२० पासून कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूच्या विहिरी होत्या आणि परकीय चलनाची चणचण होती, म्हणून सोकोनी त्यांच्याकडून तेल घेऊ लागली. रॉकेल बाकूहून नळाने काळ्या समुद्रावरच्या बातुमी बंदराला, तिथून जहाजाने सुएझमार्गे इकडे. अमेरिकेहून आणण्यापेक्षा ही वाट बरीच जवळची, म्हणजे भाडंही कमी.

ब्रिटिश-डच कंपनी शेलची बाकूतली मालमत्ता सोव्हिएत सरकारने घेतली होती, म्हणून तिचे प्रमुख डिटरडिंग या रशियन तेलाला चोरीचा माल म्हणत. (आधी शेलनेही रशियन तेल घेतलं होतं, हे विसरू नये.) सप्टेंबर १९२७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानात रॉकेलचे भाव पाडले. सोकोनीनेही पाडले आणि हे लोण इतर देशांत पसरलं. यात शेलचीच भागीदार बर्मा ऑइलही भरडली गेली, कारण तिचा मुख्य बाजार हाच. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात होता. तिथल्या तेल कंपन्यांनी सरकारकडे संरक्षण मागितलं, ते मिळालं नाही.

शेवटी सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅकनाकॅरी वाड्यात शेल, न्यू जर्सीची स्टँडर्ड (मोडलेल्या कंपनीचाच दुसरा तुकडा) आणि इराणचं तेल काढणारी ब्रिटिश कंपनी अँग्लो-पर्शियन यांचे प्रमुख बसले. ठरलं ते असं: १९२८ साली बाजारात ज्याचा जेवढा वाटा, तेवढाच पुढेही. अमेरिकेतला बाजार मात्र वगळला, कारण तिथे मक्तेदारीविरोधी कायदा आडवा आला असता.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भावाची पद्धत. तेल कुठूनही येवो, दर मेक्सिकोच्या आखातातला, म्हणजे अमेरिकेच्या टेक्सास किनाऱ्याचा, वर तिथपासूनचं भाडं. इराणमधल्या अबादानहून मुंबई साधारण सोळाशे सागरी मैल, टेक्सासहून नऊ हजारांच्या वर. जहाज अबादानहून यायचं, भाडं लागायचं टेक्सासपासूनचं! मधला फरक थेट कंपनीच्या खिशात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनेच जहाजांच्या इंधनाच्या बिलांवर हरकत घेतली, तेव्हा कुठे इराणच्या आखातापासून भाडं मोजणं सुरू झालं.