विंडोज टाकताना हार्ड डिस्कच दिसत नाही, डिस्क गेली समजायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजीजवळच्या गावात तुमचं सेतू केंद्र आहे, लॅपटॉप इंटेलच्या 11व्या पिढीच्या प्रोसेसरचा. तो फारच हळू चालायला लागला म्हणून पेनड्राइव्हवरून विंडोज 11 नव्याने टाकायला घेतलं, तर विंडोज कुठे टाकायचं हे विचारणाऱ्या पानावर डिस्कची यादीच रिकामी. दुकानदार म्हणतो, एसएसडी (म्हणजे लॅपटॉपमधली डिस्क) गेली, नवी घ्या.

भाऊ, पैसे काढायची घाई करू नका. आधी लॅपटॉप बंद करा, चालू करताना एफ2 दाबत राहा (एचपी असेल तर एफ10) आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. तिथे एसएसडीचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर ती बहुधा जिवंत आहे, विंडोजच्या सेटअपकडे फक्त तिच्यापर्यंत पोचायचा ड्रायव्हर (तो भाग विंडोजला ओळखू देणारं छोटं सॉफ्टवेअर) नाही. माझ्याकडे 'डिस्क गेली' म्हणून येणाऱ्या या पिढीच्या लॅपटॉपांत बऱ्याचदा हेच निघतं.

कारण असं की या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. आय5-1135जी7 असं काही स्टिकरवर किंवा बिलावर असेल, म्हणजे आकडा 11 ने सुरू होत असेल, तर शंका पक्की. साध्या पेनड्राइव्हमधल्या सेटअपला हा कंट्रोलर बऱ्याचदा ओळखू येत नाही.

सरळ उपाय म्हणजे ड्रायव्हर देणं. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट साइटवर तुमचा नेमका मॉडेल नंबर टाका, स्टोरेज विभागात 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' असेल ते उतरवा. बरेच जण इथेच अडकतात: मिळालेली ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात आणि सेटअपला ती चालत नाही. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उलगडून, ज्या फोल्डरमध्ये आयएनएफ फाइली आहेत ते फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवायचं. मग रिकाम्या यादीच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवा. झिप मिळाली तर मोबाइलवरसुद्धा उलगडता येते, ओटीजीने पेनड्राइव्हवर टाकली की झालं. तालुक्याला जायची गरज नाही.

दुसरा रस्ता बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. सगळं पुसायचंच असेल तर हा रस्ता सोपा आहे. पण जुन्या विंडोजमधला डेटा काढायचा बाकी असेल तर आधी याला हात लावू नका. जुनं विंडोज सुरूच होणार नाही, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असू शकते. ते खातं कोणाच्या ईमेलवर काढलं होतं, हे आत्ताच आठवून ठेवा.

डिस्क दिसली पण 'एमबीआर पार्टिशन टेबल आहे, टाकता येणार नाही' असं आलं (म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद जुन्या पद्धतीची आहे), तर लगेच सगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, उडवायला जाऊ नका. त्यात लोकांची कागदपत्रं आहेत. आधी बॅकअप, मग पुढचं.

विंडोज बसल्यावर वायफाय नाही, ही पुढची रड. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टिथरिंग चालू करा; बहुतेक वेळा विंडोज ते आपोआप ओळखतं, आणि मग विंडोज अपडेटमधून बाकीचे ड्रायव्हर येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह उरलंच तर प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघा: व्हीईएन नंतर 10ईसी म्हणजे रिअलटेक, 8086 म्हणजे इंटेल. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळणारी फुकटी सॉफ्टवेअरं टाकू नका, राजेहो, नको ते सोबत घेऊन येतात. बोटाचे ठसे घेणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारच्या कामासाठी त्या मशीनला लागणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, हे सगळं पुन्हा टाकावं लागेल. केंद्र सकाळी उघडायचं असेल तर हे काम रात्रीच काढा, आणि बॅटरी भरूनच बसा. आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

आता वाईट शक्यता. बायोसमध्येही नाव नसेल तर लॅपटॉप खोलून एसएसडी काढून पुन्हा नीट बसवून बघा. कधी स्क्रू सैल झाल्यानेही ती जागची हललेली असते. तरीही नसेल तर दुकानदार बरोबर असू शकतो. सुरुवातीला लॅपटॉप फारच हळू चालत होता म्हणालात, म्हणून डिस्क दिसली तरी विंडोज बसल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत बघून घ्या. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर ती डिस्क केंद्रात वापरू नका, नवी घ्या.